देव न बसलेला चौक

कापड खाली घसरले आणि शेडमधल्या साठ-सत्तर माणसांपैकी एकानेही तोंड उघडले नाही. टाळीसाठी उचललेले दोन-चार हात चित्रकार निर्मलाचा चेहरा पाहून छातीपाशीच थबकले. भाविनीबेनच्या मुठीत कापडाची दोरी तशीच राहिली. सर्वांत पुढे उभ्या असलेल्या ओकाबे बाईंनी चष्मा काढला, गळ्यातल्या रुमालाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. आणि मग त्यांनी पाहिले ते चित्राकडे नव्हे, निर्मलाकडे.

निर्मला चित्राकडे पाहत होती. चित्र तिचे होते आणि तिचे नव्हते. गेरूचा तोच तांबडा लेप होता, तांदळाच्या पिठाने ओढलेल्या चौकटीच्या त्याच सात पट्ट्या होत्या. भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंत तिने त्या एकेक करून ओढल्या होत्या. पण चौकटीच्या आत, जिथे तिने काहीही ठेवले नव्हते, तिथे लग्नाची देवी पालघट उभी होती. टोकाला टोक भिडलेल्या दोन त्रिकोणांचे अंग, वर-खाली वळलेले हात, एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्र, पायाशी फणी आणि शिडी. रेघ सावकाश होती, न थरथरणारी, जुन्या हाताची. ती रेघ निर्मलाने कुठेही ओळखली असती. ती तिच्या आईची होती.

आणि आई, रूपी, दारापाशी पाड्यावरच्या चार बायकांबरोबर उभी होती. तिने हात जोडले होते.

काही शांतता माणसांना जवळ आणतात. ही तशी नव्हती. ती प्रत्येकाला आपापल्या जागी खिळवून सुटे करीत होती. जपानहून आलेल्या बाई वेगळ्या, डहाणूचे पाहुणे वेगळे, पाड्यावरच्या बायका वेगळ्या. आणि निर्मला तर यांतल्या कोणाच्याच बाजूला नव्हती.

डहाणूत जपानी चित्रांचे प्रदर्शन भरणार, ही बातमी लोकांनी आधी थट्टेवारीच नेली होती. भाविनीबेनच्या वडिलांची चिकूच्या पॅकिंगची शेड तीन वर्षे पडून होती. भिंतींना चुना मारून आणि पत्र्याखाली मांजरपाटाचे छत ताणून तिने तिची गॅलरी केली, तेव्हाही घरचे हसलेच होते. ओकाबे बाईंना मात्र अशीच जागा हवी होती. त्या स्वतः चित्रकार नव्हत्या. दुसऱ्यांची चित्रे घेऊन हिंडण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. आज हयात असलेल्या अकरा जपानी चित्रकारांची अकरा अमूर्त चित्रे घेऊन, मोठी शहरे टाळत, त्या लहान गावांतून निघाल्या होत्या. प्रत्येक मुक्कामी त्या एक भिंत मोकळी ठेवीत. तिथे त्या गावच्या एका चित्रकाराचे चित्र लागे, आणि उद्घाटनाच्या दिवशी बाईंच्या मनास आले तर ते पुढच्या सगळ्या प्रवासात त्या अकरांच्या बरोबरीने जाई. अखेरीस जपानात, बाईंच्या समुद्रकाठच्या गावी, एका भिंतीवर कायमचे राही.

डहाणूतली ती भिंत निर्मलाची होती.

हे तिच्यासाठी काय होते, ते तिने कोणाला सांगितले नव्हते. सांगून ते कोणाला कळलेही नसते. तलासरीच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या पाड्यावरची ती पोरगी. चित्रकलेची पदविका घेतली, आश्रमशाळेत दोन वर्षे हंगामी शिकवले, आणि मग भाविनीबेनच्या दुकानासाठी रंगकाम करू लागली. एकतीस वर्षांच्या वयातली दहा वर्षे तिने नाचणारी माणसे काढली. कपांवर, ट्रेवर, चाव्या अडकवायच्या फळ्यांवर, तारपा वाजवणाऱ्याभोवती एकमेकांच्या कमरेला धरून ती माणसे फिरत राहिली. तो फेर कधी सुटला नाही आणि निर्मलाही त्यातून सुटली नाही. गिऱ्हाईक विचारी, हे खरे वारलीच ना? हे तुझे आहे का, असे मात्र दहा वर्षांत कोणी विचारले नव्हते.

मे महिन्यात ओकाबे बाई जागा पाहायला आल्या तेव्हा त्यांनी विचारले. मांडून ठेवलेल्या कपांकडे त्यांनी आदराने पाहिले, मान लववली आणि पुढे गेल्या. मग दुकानाच्या मागच्या फळीवर, जुन्या रद्दीत, एक जाड कागद त्यांच्या हाती लागला. त्यावर गेरूत एक चौकट होती, आत काही नव्हते. त्या कितीतरी वेळ तो कागद धरून उभ्या होत्या. हे काय आहे म्हणून त्यांनी विचारले. निर्मला ओशाळली, ते पुरे झालेले नाही, असे तिला म्हणायचे होते. पण तोंडून निघाले ते वेगळेच. ती तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली की हे एवढेच आहे. बाईंनी कागद परत दिला. हे मोठे करा, माणसाच्या उंचीएवढे करा, असे सांगून त्या गेल्या.

पेट्या आल्या त्या जानेवारीत. त्या दिवसापासून निर्मला आठवडाभर डहाणूतच राहिली, भाविनीबेनच्या घरी. हातात पांढरे मोजे घालून तिने आणि ओकाबे बाईंनी एकेक चित्र बाहेर काढले. एक होते सात फूट लांबीच्या कागदावर थापलेल्या काजळाच्या शाईचे. पूर्ण काळे, फक्त उजव्या कडेला बोटभर कागद उघडा, जणू कोणी दार लोटायचे विसरले होते. एक फळांच्या आंबवलेल्या रसाने रंगवलेले, जुन्या जखमेच्या खपलीसारखे तपकिरी. एकात निळ्या कापडाच्या चिंध्या एकीवर एक चिकटवून पुन्हा सोलून काढल्या होत्या. आणि एक राखाडी. ते काढणाऱ्या बाईने रोज सकाळी त्यावर काही काढले आणि संध्याकाळी ते शिंपल्यांच्या पांढऱ्या भुकटीने झाकून टाकले. असे चारशे दिवस, असे ओकाबे बाईंनी सांगितले. चारशे दिवसांचे काय काय त्या राखाडीखाली निजलेले असेल, याचा विचार करीत निर्मला त्या चित्रासमोर जेवणाची वेळ उलटून जाईपर्यंत उभी राहिली. तिला त्या न पाहिलेल्या बाईचा हेवा वाटला नाही. तिला पहिल्यांदाच कोणीतरी नात्यातले भेटल्यासारखे वाटले.

भाविनीबेनचा भाऊ विपुल बागेतून परतताना रोज डोकावे. तो म्हणे, एवढ्या लांबून विमानाने खोके आणले, फोडले, आणि आत कोरा कागद. आपल्या चिकूचे खोके असे निघाले तर व्यापारी दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाही. एकदा पुतळी नावाची मासळीवाली पाटी घेऊन आत आली आणि राखाडी चित्रापुढे टेकली.

"हे झालंय, का अजून करायचंय?" तिने विचारले.

झाले आहे, असे निर्मलाने सांगितले.

"मग सांग की तसं. मी आपली उगाच वाट बघत बसले."

निर्मला हसली. त्या आठवड्यात ती बऱ्याचदा हसली. भिंतीवर तिच्या चित्रासाठी आखलेली जागा होती, राखाडी चित्राच्या शेजारी, आणि येता-जाता तिची नजर तिथे जाई. तिथे तिचा चौक लागेल आणि कोणी विचारणार नाही की यातली माणसे कुठे गेली. तिथे ती कोणत्या जमातीची, कोणत्या जिल्ह्याची, हे कोणाला हवे असणार नाही. एकाने काजळी लावली, एकीने शिंपले कुटले, एकीने गेरू सारवला, तेवढेच.

आता तो चौक रिकामा का होता, हे सांगायला हवे.

त्यांच्यात, वारल्यांत, लग्नघरी कुडाच्या भिंतीवर चौक काढतात. सवाशिणी काढतात, ज्यांचा नवरा हयात आहे अशाच बायका. आधी भिंत सारवायची, तिला गेरू लावायचा, मग तांदळाच्या पिठाने चौकट ओढायची. साखळी, जाळी, वेल, एकीत एक अशा पट्ट्या. सगळ्यांत शेवटी आत पालघट बसवायची. ती बसली की चौक कापडाने झाकतात आणि वेळ आल्याशिवाय उघडत नाहीत. ती बसली नाही तोवर लग्न नाही.

सहा वर्षांपूर्वी निर्मलाच्या लग्नाचा चौक असाच काढायला घेतला होता. रूपी आणि तिच्या दोन जावा सकाळपासून पट्ट्या ओढत होत्या, गाणे म्हणणारी म्हातारी कोपऱ्यात बसली होती. दुपारी सातवी पट्टी पुरी झाली. आता देव बसवायचा म्हणून रूपीने हात धुतले, तेवढ्यात अंगणात माणसे आली. प्रविण, ज्याच्याशी तिचे लग्न होणार होते तो, आपलेच बाशिंग आणायला मोटारसायकलवरून कासाच्या बाजाराला गेला होता. चारोटीच्या अलीकडे एका टँकरने त्याला उडवले. दवाखान्यात नेण्याचीही गरज उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकांनी शेणाचा हात फिरवून ती भिंत सारवून टाकली. तोवरचा एक दिवस निर्मला त्या चौकापुढे बसून होती. रडणे-ओरडणे घरात सगळीकडे चालले होते, पण त्या चौकटीच्या आत काहीच चालले नव्हते. तिथे देव नव्हता, म्हणून तिथे खोटेही काही नव्हते. कोणी तिची समजूत घालत नव्हते. कोणी म्हणत नव्हते की नशीब. प्रविणला ठेवता येईल अशी तेवढीच एक जागा साऱ्या जगात होती, दोन हात लांब आणि दोन हात रुंद. आणि ती बायकांनी पाहता पाहता सारवली. तेव्हापासून निर्मला ती कागदावर काढू पाहत होती. काढून रद्दीत ठेवत होती.

मोठ्या चित्रासाठी तिने प्लायवर मांजरपाट डकवला, त्यावर शेणमातीचे तीन हात दिले, गेरू लावला. पुरे होईपर्यंत ते कोणालाच, आईलाही, पाहू दिले नाही. अशा लेपाला घडी चालत नाही, धक्काही चालत नाही. पेटीत बसेपर्यंत हलवायचे ते एकदाच, थेट भिंतीवर लावायच्या दिवशी. म्हणून पेट्या आल्या तेव्हा ती चित्र घरातच आतल्या खोलीत उभे करून, त्याला जुनी चादर गुंडाळून डहाणूला आली. उद्घाटनाच्या सकाळी काकाची जीप ते घेऊन येणार होती.

आणि तो आठवडाभर, निर्मलाचा बाप वीटभट्टीवर कामाला गेलेला असताना, रूपी त्या चित्रासोबत घरात एकटी होती.

पहिल्या दिवशी तिने चादर बाजूला करून पाहिले, ते केवळ कौतुकाने. पोरीचे काम परदेशी जाणार, पाड्यावर चार जणींना सांगायचे तर काय आहे ते बघायला हवे. तिने पट्ट्या मोजल्या. सात पट्ट्या, त्याच, तिनेच शिकवलेल्या. आत देव नाही. बिनलग्नाच्या पोरीने, तिच्याच घरात, आपल्या हाताने अर्धा चौक काढून ठेवला होता आणि वर चादर टाकून निघून गेली होती. असा चौक घरात उघडा राहिला तर त्या घराचे लग्न कायमचे अडते, असे रूपीने आपल्या आईकडून ऐकले होते, आणि सहा वर्षे तिने ते डोळ्यांनी पाहिले होते. पोर चुकली, असे तिला वाटले नाही. पोरीला घाई झाली, असे वाटले. काम मोठे, दिवस थोडे, वरून डहाणूचे बोलावणे. शेवटचे राहून गेले. आणि तसेही पालघट काढायचा अधिकार पोरीला कुठे होता? ती सवाशीण नव्हती. तिने आतली जागा सोडली ती आईसाठीच, असा रूपीने अर्थ लावला. दोन दिवस तिने उपास केला. एकटीने काढू नये म्हणून जावांना बोलावले. नवे तांदूळ दळले. गुरुवारी सकाळी न्हाऊन तिने देव बसवला, चौक झाकला, आणि चादरीच्या कडा सुईदोऱ्याने शिवून टाकल्या.

जीप आली तेव्हा निर्मलाने शिवलेली चादर पाहिली होती. वेळेआधी उघडू नको, असे आईने बजावले. ती कल्पना भाविनीबेनला फार आवडली. सगळ्यांसमोर दोरी ओढून उघडू या, म्हणाली. निर्मलाला आईचे ते शिवणे पाहून भरून आले. आपल्या चित्राला आईने चौकाचा मान दिला, असे तिला वाटले. वरच्या टाक्यांच्या जागी ओढताच सुटणारी दोरी ओवली आणि चित्र तसेच, झाकलेलेच, राखाडी चित्राच्या शेजारी चढले.

कापड घसरल्यावर ओकाबे बाई निर्मलाजवळ आल्या. त्यांचा आवाज इतका खाली होता की त्या शांततेला त्याने धक्कादेखील लागला नाही. हे तुमचे आहे का, असे त्यांनी विचारले.

"बाहेरचं माझं," निर्मला म्हणाली. "आतलं आईचं."

बाईंनी दारापाशी उभ्या असलेल्या रूपीकडे पाहिले आणि त्यांना सगळे नाही तरी पुष्कळसे कळले असावे. रागावण्याची त्यांची रीत नव्हती. त्या म्हणाल्या, बाहेरच्यासाठी मी इतक्या लांबून आले नव्हते, मला आतली जागा हवी होती. मग त्यांनी राखाडी चित्राकडे मान वळवली. तिथे चारशे दिवस झाकून टाकलेले आहेत, झाकणे हेही चित्र काढणेच असते. गेरू असेल तुमच्याकडे. लोक चहा घेतील. मी थांबते.

गेरू होता. सकाळी उंबरठ्याशी पट्टा ओढून उरलेला, जर्मनच्या वाटीत, पडद्यामागे. निर्मलाने जाऊन वाटी उचलली. गेरू अजून ओला होता. चार बोटे बुडवायची, डावीकडून उजवीकडे एक हात, वरून खाली दुसरा. पाच मिनिटांचे काम. त्या पाच मिनिटांच्या पलीकडे तिला तो सारा प्रवास दिसत होता: पेटीत गवतावर निजवलेला तिचा चौक, विमाने, दूरचे एक गाव, आणि तिथल्या भिंतीवर प्रविणला मिळालेली दोन हात जागा, जी तिथे कोणी कधी सारवणार नव्हते.

ती वाटी घेऊन चित्रापर्यंत गेली. पाहुण्यांना वाटले हा विधीचाच भाग. ते आदराने मागे सरले. रूपी मात्र पुढे आली.

"गेरू कशाला गं बाय? कुठं उडालाय का?" तिने वाकून खालचा कोपरा निरखला. "जीपमध्ये मी हात लावून बसले होते सगळी वाट. कुठं टवका नाही गेला."

निर्मलाच्या बोटांवरून गेरू वाटीत गळत होता. पाड्यावरच्या बायका पाहत होत्या.

"आये," ती म्हणाली, "मला तो खालीच ठेवायचा होता."

"खाली म्हणजे?"

"तसाच. देवाबिगर."

रूपी सरळ उभी राहिली. तिने लेकीच्या तोंडाकडे पाहिले, मग वाटीकडे, मग पुन्हा तोंडाकडे. तिला काय उमगले आणि काय नाही, ते सांगणे अवघड आहे. तिचा चेहरा एकाएकी फार म्हातारा झाला.

"तसा तो एकदा राहिला होता," ती म्हणाली. "सहा वर्षं मी बघते तुला. जेवतेस, कामाला जातेस, हसतेस पण. आणि त्यात बसलेली असतेस. ह्या येळी मी नाही राहू दिला."

निर्मलाने बोटे पुन्हा वाटीत बुडवली.

"पुसायचा असला तर पूस. तुझं काम आहे, तुला कळतं." रूपी म्हणाली. "मी आधी बाहेर जाते. बसवलेला देव पुसताना सवाशिणीनं बघू नये. घरधन्याला लागतं."

पण ती बाहेर गेली नाही. तिचे पाय निघेनात. ती तिथेच, लेकीच्या आणि चौकाच्या मध्ये नव्हे, जरा बाजूला, पदर डोक्यावरून ओढून घेत उभी राहिली आणि तिने डोळे मिटले. पोराला सुई टोचताना आई मिटते तसे.

निर्मलाने हात वर नेला. पालघटेचे ते दोन त्रिकोण तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर होते. तिने जवळून पाहिले तेव्हा दिसले की आईने देव अगदी मधोमध बसवला नव्हता. किंचित डावीकडे घेतला होता, जशी लग्नात नवऱ्यासाठी बाजूला जागा सोडावी तशी. तिला आईचे दोन दिवसांचे पोट दिसले, दळलेले तांदूळ दिसले, जीपमध्ये प्लायला धरून बसलेले तळहात दिसले. माणसाला आपले दुःख ठेवायला जागा लागते हे तिला कळले होते. त्या जागेवर दुसऱ्या कोणाची आशा येऊन बसली, तर तिला ऊठ म्हणायचे कसे, हे मात्र कोणी शिकवले नव्हते.

तिने हात खाली घेतला. वाटी भिंतीच्या कडेला ठेवली आणि बोटे आपल्याच ओढणीला पुसली.

तेवढ्यात भाविनीबेनने टाळी वाजवली. मग शेड टाळ्यांनी भरून गेली, आणि त्या टाळ्यांत केवढी सुटका होती. डोक्यावरून गेलेल्या काळ्या-राखाडी कागदांनंतर लोकांना एकदाचे हात-पाय, सूर्य-चंद्र दिसले होते. माणसे पुढे लोटली. मोबाइल वर झाले. "आता हे समजलं बघ," विपुल मोठ्याने म्हणाला, आणि भोवतालचे हसले. वाईट हेतूने नव्हे, आपल्या माणसाचे काही जिंकले म्हणून हसावे तसे. अकरा चित्रांपुढे कोणी उरले नाही. ती आपापल्या भिंतींवर, पाहुणे निघून गेलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांसारखी गप्प राहिली.

ओकाबे बाई पुन्हा आल्या. चित्र चांगले आहे, त्या म्हणाल्या. पण ते या अकरांबरोबर जाणारे नाही. ते इथलेच आहे, त्याला इथेच राहू द्या. हे त्यांनी इतक्या मायेने सांगितले की त्यात हुज्जत घालायला जागाच उरली नाही. मग त्यांनी भिंतीवरची छोटी चिठ्ठी, जिच्यावर निर्मलाचे नाव आणि साल एवढेच छापले होते, नखाने अलगद सोडवून काढली. ती निर्मलाला द्यावी की नाही, असा क्षणभर विचार केला आणि स्वतःच्या वहीत ठेवून दिली. पुढल्या वर्षी आणखी काही केलेत तर कळवा, असे त्या म्हणाल्या. पुढल्या वर्षी त्या कुठे असतील, ते दोघींनाही ठाऊक नव्हते.

भाविनीबेनच्या दोन माणसांनी चौक उतरवला. तो दाराजवळ, चहाच्या टेबलामागे, कपांच्या मांडणीला लागून उभा करण्यात आला. तिथे उजेडही चांगला होता, भाविनीबेन म्हणाली. तिला आत्ताच तीन जणांनी विचारले होते की अशी लहान चित्रे मिळतील का. ती निर्मलाचे दोन्ही हात धरून म्हणाली की हे तू आधी का नाही दाखवलेस. ट्रेवर घेऊ ने, मधे ही देवी आणि भोवती ही बॉर्डर, किती सरस दिसेल. निर्मलाने मान हलवली. ती मान होकाराची होती की नकाराची, हे भाविनीबेनने पाहिले नाही.

गर्दी हळूहळू चहाकडून समुद्राकडे पांगली. राखाडी चित्राच्या शेजारी आता फक्त दोन खिळे होते. पाड्यावरच्या बायका जीपमध्ये जाऊन बसल्या होत्या आणि काका हॉर्न वाजवत होता. रूपी मात्र चौकापाशी खाली बसली होती. कोणीतरी दिलेला चहा तिने तसाच बाजूला ठेवला होता. टेबलाकडे येणारी माणसे चित्रापुढे थांबत. काहींनी हात जोडले, एका बाईने तर पायातल्या चपला काढल्या. रूपी प्रत्येकाकडे मान वर करून पाहत होती.

निर्मला कपांच्या मांडणीजवळून जात होती, तेव्हा रूपीने तिच्या ओढणीचे टोक धरले. गेरूने माखलेले तेच टोक होते. तिने ते पाहिले, अंगठ्याने थोडे चोळले, पण सोडले नाही.

"चुकलं का गं माझं?" तिने विचारले. मग उत्तराची वाट न पाहता, घाईघाईने, पुढचेही विचारून टाकले. "पण बसला तो. सगळ्यांनी हात जोडले, तू बघितलंस ना. आता तुझं ठरेल. ठरेल ना, बाय?"

हॉर्न पुन्हा वाजला. निर्मलाने खाली वाकून आईच्या बोटांतून ओढणी सोडवून घेतली, हळूच, एकेक बोट उघडत. मग ती वळली, दोन खिळ्यांच्या भिंतीकडे न पाहता शेडबाहेर पडली, जीपच्या जवळून गेली आणि सुरूच्या झाडांखालच्या रस्त्याने चालू लागली.